नुसत्या एकांची मूळ संख्या : देवळालीपासून पुढे

नाशिकजवळच्या देवळालीत द. रा. कापरेकर 1930 ते 1962 या काळात शाळेत शिकवत होते. लोकांना त्यांची 6174 ही संख्या आठवते. खरा अवघड प्रश्न मात्र त्यांच्या डेमलो संख्यांच्या, म्हणजे नुसत्या एकांच्या संख्यांच्या वर्गांच्या, बुडाशी दडलाय. फक्त 1 हा अंक असलेली संख्या घ्या आणि वर्ग करा. 11 चा 121, 111 चा 12321. ही चढउतार नऊ एकांपर्यंत टिकते. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज 10 होते, हातचा डावीकडे जातो आणि वर्ग येतो 1234567900987654321.

वर्गाचा नमुना डोळ्यांना दिसतो. ज्या संख्येचा वर्ग केला ती मूळ संख्या आहे का, हे मात्र बघून कळत नाही. एक किती आहेत ही मोजणीच संयुक्त असेल, तर निकाल लगेच लागतो: सहा एकांना 11 नेही भाग जातो, 111 नेही. मोजणी मूळ असली म्हणजे काम झाले असे मात्र नाही. 11111 = 41 × 271 आणि 1111111 = 239 × 4649.

19 एकांची संख्या मूळ असल्याचे 1918 मध्ये ऑस्कर होप्पे यांनी दाखवले. इथे एक सोय आहे: 3 पेक्षा मोठ्या मूळ p साठी, p एकांच्या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव 2kp + 1 अशा रूपाचा असतो. म्हणजे 38k + 1 एवढेच भाजक तपासायचे. तरी वर्गमूळ सुमारे 105 कोटी असल्याने उमेदवार उरतात पावणेतीन कोटींहून जास्त. आज संगणकाला हे किरकोळ काम आहे. 1918 मध्ये सरळ भागाकाराने हे शक्यच नव्हते. त्यानंतर 23 एकांची संख्या सिद्ध झाली. पुढची थेट 317 एकांची. ती ह्यू विल्यम्स यांनी 1977 मध्ये सिद्ध केली. 1031 एकांची 1986 मध्ये, विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांनी.

नवखा इथे हमखास फसतो. फर्माच्या चाचणीत एक पाया निवडतात, तपासायच्या संख्येतून 1 वजा करून येईल तेवढा त्याचा घात करतात आणि त्या संख्येने भागतात; बाकी 1 उरली तर संख्या पास. ही चाचणी 10 हा पाया घेऊन लावली, तर मोजणी 5 पेक्षा मोठी मूळ असताना प्रत्येक संख्या पास होते, 239 × 4649 सुद्धा. कारण 10 चा p वा घात p एकांच्या संख्येने भागला की बाकी 1 उरतेच, आणि संख्येतून 1 वजा केल्यावर उरणाऱ्या घातांकाला p ने भाग जातो. पाया 3 किंवा तसा दुसरा घ्यावा, 10 किंवा 10 चा घात नको. तरीही पास होणे म्हणजे सिद्धता नव्हे. सिद्धतेची एक जुनी वाट म्हणजे संख्येतून 1 वजा करून उरलेल्याचे पुरेसे अवयव पाडणे. 317 साठी 316 एकांच्या संख्येचे अवयव लागतात. 316 सम असल्याने ती आपोआप दोन तुकड्यांत फुटते, पण पुढचे तुकडे पाडताना दम लागतो. म्हणून 49081 एकांची सिद्धता 2022 मध्ये विवृत्तीय वक्रांच्या पद्धतीने झाली; तिला हे अवयव लागत नाहीत.

2021 मध्ये सापडलेली 81,77,207 एकांची संख्या चाचणीत पास झाली आहे, पण त्या आकाराला ही पद्धतही पुरत नाही.