सांबऱ्याची धावपट्टी, दाबोळीची विमानं

बेळगाव-खानापूरकडच्या मंडळींची गोव्याची ट्रिप म्हणजे समुद्र, मासे आणि मंगेशी-शांतादुर्गा हे ठरलेलं. गेली पंचवीसेक वर्षं तिला एक थांबा वाढलाय. गोव्याचा विमानतळ जिथे आहे त्या दाबोळीहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना लागणारं नौदलाचं विमान संग्रहालय. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झालं. पोरं विमानांच्या पोटाखालून पळापळ करतात, मोठी माणसं फोटो काढतात आणि तासाभरात सगळे किनाऱ्याकडे वळतात. (सोमवारी जाऊ नका, बंद असतं.) दाबोळीच्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या सांबऱ्यापर्यंत येतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

सांबरा म्हणजे बेळगावचा विमानतळ, उत्तर कर्नाटकातला सर्वांत जुना. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने तो बांधला. जपान ब्रह्मदेशात घुसला होता आणि त्या आघाडीला पाठबळ द्यायला, वैमानिक तयार करायला आतल्या भागात तळ हवे होते. युद्ध संपलं, ब्रिटिश गेले, धावपट्टी राहिली. पुढे हवाई दलाने तिथेच आपलं एअरमेन ट्रेनिंग स्कूल चालवलं. हवाई दलात भरती झालेल्या जवानांचं पहिलं प्रशिक्षण इथे होतं. अलीकडे अग्निवीरवायूंचंही, म्हणजे अग्निपथ योजनेतून हवाई दलात आलेल्या जवानांचंही होतं. गणवेशातली पोरं बेळगावच्या बाजारात दिसली की दुकानदार न विचारताच ओळखतो, ही सांबऱ्याची.

पण सांबऱ्याचं नाव खऱ्या अर्थाने इतिहासात गेलं ते डिसेंबर १९६१ मध्ये. गोवा पोर्तुगिजांकडून सोडवायचं ठरलं तेव्हा लष्कराच्या १७व्या डिव्हिजनची जमवाजमव बेळगावात झाली. ६३वी ब्रिगेड अनमोड घाटाने उतरली. म्हणजे खानापूर-रामनगर-अनमोड हाच रस्ता, ज्यावरून आज आपण डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उतरतो. हवाई कारवाईची सूत्रं एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्याकडे होती आणि तळ दोन होते, पुणे आणि सांबरा.

१८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा बॉम्बर विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंडांचे बॉम्ब टाकले. नंतर आणखी आठ कॅनबेरा येऊन गेली. सांबऱ्याकडे काम होतं वेगळं. इथून उडालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र रॉकेटं आणि तोफांनी उद्ध्वस्त केलं, म्हणजे गोव्याचा लिस्बनशी संपर्कच तुटावा. सांबरा ते बांबोळी सरळ रेषेत शंभर किलोमीटरही भरत नाही. हंटरसारख्या जेटला ते दहा मिनिटांच्या आतलं काम. आपल्याला घाट, वळणं आणि चहाचे थांबे धरून अर्धा दिवस लागतो, तो भाग वेगळा. पणजीहून दाबोळीला जाताना गोवा मेडिकल कॉलेजची इमारत लागते ना, तीच बांबोळी.

दाबोळीवर बॉम्ब पडले तेव्हा तिथे दोन प्रवासी विमानं उभी होती. एक पोर्तुगालच्या विमान कंपनीचं कॉन्स्टेलेशन, दुसरं गोव्याच्या हवाई सेवेचं डीसी-४. विमानतळाची इमारत शाबूत ठेवायची असं वैमानिकांना बजावलेलं होतं, त्यामुळे ही दोन्ही वाचली. रात्र पडल्यावर खड्डे पडलेल्या धावपट्टीच्या उरल्यासुरल्या तुकड्यावरून दोन्ही विमानं उडाली आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना घेऊन, खालून खालून उडत, कराचीला पोचली. शत्रूचे असले तरी त्या वैमानिकांच्या हिमतीला दाद द्यावीच लागते.

आणि गंमत अशी की बोगमाळोच्या संग्रहालयात सगळ्यांची नजर पहिल्यांदा जाते ती त्याच कॉन्स्टेलेशनच्या घराण्यातल्या विमानावर. ते पळून गेलेलं नव्हे. हे एअर इंडियाचं सुपर कॉन्स्टेलेशन. बोइंग ७०७ आल्यावर एअर इंडियाने ही विमानं हवाई दलाला दिली आणि १९७६ साली ती समुद्रावर टेहळणी करायला नौदलाकडे आली. जवळ जाऊन बघा. चार प्रचंड पंखे, माशासारखं मध्ये फुगलेलं अंग, आणि शेपटीला एक नाही तर तीन उभे पंख. विमान त्या काळच्या हँगरात मावावं म्हणून शेपटीची उंची अशी तीन ठिकाणी वाटलेली. बाजूला सी हॉक आणि अलिझे ही विमानं आहेत, विक्रांत या भारताच्या पहिल्या विमानवाहू जहाजावरची. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख दुमडायची सोय. बिजागऱ्यांची जागा पोरांना दाखवावी, मग 'हे का असं?' हा प्रश्न तीच विचारतात. शॉर्ट सीलँड हे पाण्यावरही उतरणारं छोटं विमानही आहे. त्याच्यापासून १९५३ मध्ये नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात झाली. सगळी उघड्यावर, गोव्याचा पाऊस आणि खारं वारं खात उभी. रंग वेळोवेळी देतात, पण मोठी विमानं छपराखाली असायला हवी होती असं वाटतंच.

गोव्यानंतर दुसरी दिशा बेंगळुरूची. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली की सकाळी तिथे. एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं संग्रहालय २००१ चं. आपल्याकडचा माणूस तिथे दोन मराठी धागे शोधू शकतो. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने हिंदुस्थान एअरक्राफ्ट, म्हणजे एचएएलची मूळ कंपनी, उभी केली ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी. दोनच वर्षांत युद्धामुळे कारखाना सरकारच्या ताब्यात गेला. दुसरा धागा तर निपाणीच्या शेजारचाच. डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आले आणि एचटी-२ हे भारतीय आराखड्याचं पहिलं प्रशिक्षण विमान त्यांनी घडवलं. ते १९५१ मध्ये उडालं. १९६४ मध्ये उडालेलं किरण हे जेटही त्यांच्याच देखरेखीखालचं. बोर्डावरचं घाटगे हे नाव वाचून कोल्हापूरकडचा माणूस थांबला नाही तरच नवल.

याच किरणवर १९९६ मध्ये हवाई दलाचं कसरती करणारं सूर्यकिरण पथक उभं राहिलं, तळ बिदर. त्याच वर्षी बेंगळुरूजवळ येलहंक्याला एअरो इंडिया हा विमानांचा मेळा पहिल्यांदा भरला. दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत भरणारा हा मेळा मूळचा शस्त्रखरेदीचा बाजार आहे. सामान्यांना शेवटचे दिवस मिळतात. २०२५ मध्ये अमेरिकेचं एफ-३५ आणि रशियाचं सुखोई-५७ एकाच मैदानात दिसलं. सूर्यकिरण २०११ ते २०१५ बंद होतं, आता ते हॉक विमानं उडवतं. बघताना मान दुखते, कान बसतात, उन्हाने डोकं चढतं, तरी माणूस हलत नाही.

त्या थराराची किंमत लक्षात ठेवावी लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरावात सूर्यकिरणची दोन विमानं धडकली, विंग कमांडर साहिल गांधी गेले. त्याच आठवड्यात मेळ्याच्या पार्किंगमध्ये आग लागून तीनशेच्या आसपास गाड्या जळाल्या. बेळगावलाही हे दुःख परकं नाही. जानेवारी २०२३ मध्ये मोरेनाजवळ मिराज आणि सुखोईच्या अपघातात गणेशपूरचे विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले. त्यांचं पार्थिव सांबऱ्यालाच उतरलं.

सांबऱ्याचा लष्करी भाग अर्थातच फिरायला खुला नाही. २०१७ मध्ये नवं टर्मिनल झालं, मुंबई-बेंगळुरूची विमानं वाढली, तेव्हापासून संध्याकाळी कुंपणाबाहेर स्कूटरी लावून पोरांना विमान दाखवणारे बाप वाढले. २०२१ मध्ये वैमानिक शिकवणाऱ्या संस्थांसाठी देशातले जे पाच विमानतळ निवडले त्यात जळगावबरोबर बेळगावही होतं. त्यामुळे आता मुतगे-बाळेकुंद्रीवरून शिकाऊ विमानं घिरट्या घालताना दिसतात. आणि महामार्गावर हत्तरगीला २००९ पासून विमानांचे सुटे भाग घडवणारी वसाहत आहे. तिथले भाग एअरबसला आणि बोइंगला जातात. संकेश्वरचा एखादा पोरगा आकाशातल्या विमानाकडे बोट करून 'ह्यातला पार्ट आमच्याकडचा असंल बघ' म्हणतो, ती बढाई नसते.