मोटारीच्या पत्र्याची गंजचाचणी: तासांचा अर्थ कसा लावावा

"पत्रा सॉल्ट स्प्रेमध्ये ५०० तास टिकला, मग गाडीवर किती वर्षे टिकेल?" असे ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात. त्या आकड्यावरून वर्षे सांगता येत नाहीत, आणि कोणी सांगितली तर त्यावर विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सॉल्ट स्प्रेच्या पेटीत ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या द्रावणाचे धुके अखंड सोडले जाते, त्यामुळे नमुना कधी वाळतच नाही. रस्त्यावरचा पत्रा मात्र भिजतो, वाळतो आणि पुन्हा भिजतो. जस्तलेपित पत्र्याला हे वाळणे फार मोलाचे असते, कारण त्या काळात हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे जस्तावर कार्बोनेटयुक्त थर धरतो व पुढची झीज मंदावते. पेटीतल्या सततच्या ओलीत हा थर नीट बसत नाही आणि चांगला पत्राही नापास होतो. रोजच्या उत्पादनाचा दर्जा सारखा आहे का, एवढे पाहायला ही चाचणी ठीक आहे.

आयुष्याचा अंदाज हवा असेल तर आम्ही आवर्ती चाचणी सुचवतो. एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) हिच्या जे२३३४ या प्रमाणित पद्धतीत २४ तासांचे एक आवर्तन असते: ५० अंशांवर ६ तास पूर्ण आर्द्रता, १५ मिनिटे क्षारद्रावण, आणि उरलेले १७ तास ४५ मिनिटे ६० अंशांवर ५० टक्के आर्द्रतेत वाळवण. द्रावणात मीठ अवघे अर्धा टक्का असते. सोबतचे थोडे कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल धरून ठेवते.

नवी चाचणी बसवताना वेग वाढवण्याचा मोह आवरावा लागतो. तापमान वा मीठ बेसुमार वाढवले की गंज लवकर येतो खरा, पण तो वेगळ्याच प्रकारचा असतो. म्हणून प्रत्यक्ष वापरात जे पत्रे सरस ठरले तेच चाचणीतही त्याच क्रमाने सरस ठरतात का, हे आम्ही आधी ताडून पाहतो. रंगावर मुद्दाम ओढलेल्या ओरखड्यापासून गंज रंगाखाली किती मिलिमीटर सरकला, हे रंग खरवडून मोजतो. दाराच्या कडेची दुमडही उघडतो, कारण बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या दुमडीत ओल अडकून पत्रा आतून खाल्लेला असू शकतो. शेजारी ठेवलेल्या उघड्या (लेप वा रंग नसलेल्या) पोलादी कूपनांच्या, म्हणजे चाचणीच्या छोट्या तुकड्यांच्या, वजनातील घट पेटीची तीव्रता दाखवते.

नमुन्यांसोबत पत्र्याची जाडी, प्रत्येक बाजूच्या जस्ताचे प्रति चौरस मीटर वजन आणि रंगाचे थर अवश्य कळवावेत.