सोन्याची बातमी आणि पेटीत ठेवलेली अर्धी कांडी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या लोकमान्य नगरात शेजारच्या काकांच्या अंगणात बोरिंग झालं. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेली गाडी, इंदूरला अर्ध्याहून जास्त बोरिंगच्या गाड्या तिकडच्याच दिसतात, आणि रात्रभर तो कॉम्प्रेसरचा आवाज. मी पेपर पसरून बसलो होतो. दर २० फुटांचा एक रॉड आत गेला की बाहेर उडणाऱ्या चुऱ्यातली मूठभर खडी उचलायची, पुडी बांधायची, वर खोली लिहायची, आणि मध्येच रंग बदलला तर तो आकडा वेगळा टिपायचा. वर काळी माती, मग मुरूम, मग आपला नेहमीचा काळा दगड पिठासारखा राखाडी होऊन येत राहिला. १७० फुटांवर अचानक लाल गाळ आला. दोन लाव्हांच्या थरांमध्ये जो काळ गेला त्या काळात वरचा दगड कुजून तयार झालेली ती माती, पुढच्या लाव्हाखाली गाडली गेलेली. पाणी २४० ला लागलं.

तेवढ्यात काकांनी मोबाईल पुढे केला. उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला ३००० टन सोनं सापडलं वगैरे. "अरे, तिकडेही अशीच मशीन लावली असणार ना? खाली सोनं लागलं तर मग काढत का नाहीत?"

ही बातमी फेब्रुवारी २०२० ची आहे, पण अधूनमधून नव्याने फिरते. जगातल्या सगळ्या खाणी मिळून वर्षाला साधारण तेवढंच सोनं काढतात आणि तेव्हा आपल्या रिझर्व बँकेकडे सहाशे-साडेसहाशे टन होतं, यावरूनच शंका यायला हवी होती. काही दिवसांतच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला की त्यांचा अंदाज ५२,८०६ टन खनिज दगडाचा आहे, टनाला ३.०३ ग्रॅम सोनं, म्हणजे एकूण सुमारे १६० किलो. दगडाचे टन आणि सोन्याचे टन यातला फरक बातमी पसरताना हरवून गेला. टनाला तीन ग्रॅम म्हणजे काय ते बघा, एक टन दगड म्हणजे प्रत्येक बाजू पाऊण मीटरच्या आतबाहेर असलेला एक ठोकळा, आणि त्यात विखुरलेलं सोनं पाव तोळा. डोळ्याला काहीच दिसणार नाही. खाणकामात हे बरं प्रमाण धरतात.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो बहुतेकांच्या मनात असतो. खनिजाच्या शोधासाठी जे भोक पाडतात त्यातून सोनं, तांबं, निकेल काढायचं नसतंच. ते भोक म्हणजे एक प्रश्न आहे, अमक्या जागी अमक्या खोलीवर काय आहे, आणि बहुतेक वेळा उत्तर 'काही नाही' असंच येतं. ते उत्तर नीट यावं म्हणून तिथे आपल्या बोरिंगसारखा हातोडा चालवत नाहीत. बोरिंगमध्ये हवेच्या दाबावर हातोडा दगड फोडत जातो, वर येतो तो चुरा, आणि तो येता येता वरच्या थरातल्या चुऱ्यात मिसळतो. आधी ढोबळ अंदाज घ्यायला चुऱ्याचं ड्रिलिंग वापरतात, त्यासाठी दुहेरी भिंतीचे पाईप असतात म्हणजे चुरा आतल्या नळीतून येतो आणि भोकाच्या भिंतीला घासत नाही. पण खरा पुरावा हवा असेल तर दगड अखंड वर आला पाहिजे. त्याला म्हणतात कोअर. दगडाची लांब गोल कांडी.

आणि ही कांडी कशी काढतात हे मला इतकं आवडतं की त्यावर थोडं जास्तच लिहिणार आहे.

पाईपच्या टोकाला असते बिट, म्हणजे एक पोकळ कडं. ते मधला दगड कापतच नाही, भोवतीनं गोल चर पाडत जातं आणि मधली कांडी पाईपच्या पोकळीत शिरत जाते, पपईत नळी खुपसल्यावर नळीत गर भरतो तशी. नेहमीच्या एका मापात भोक ७५.७ मिलिमीटरचं आणि कांडी ४७.६ मिलिमीटरची. या कड्यात बारीक हिरे असतात, हल्ली कृत्रिमच. धातूच्या भुकटीत हिऱ्यांचे कण मिसळायचे आणि दाबून, तापवून त्याचं कडं करायचं, म्हणजे हिरे फक्त वर नाहीत तर आतपर्यंत सगळीकडे भरलेले. १८६० च्या दशकात ही कल्पना पहिल्यांदा आली तेव्हा ब्राझीलचे काळे हिरे हाताने कड्यात बसवायचे.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं की दगड जितका कठीण तितकं कडं कठीण हवं. उलट आहे! कठीण दगडासाठी हिऱ्यांना धरून ठेवणारा धातू मऊ लागतो. कारण कापता कापता हिरे बोथट होतात, गुळगुळीत होतात. त्यांच्या भोवतीचा धातू झिजला तरच ते बोथट हिरे गळून पडतात आणि खालचे नवे धारदार हिरे उघडे होतात. आजीच्या पाट्याला टाकी लावावी लागायची ना, पाटा गुळगुळीत झाला की चटणी वाटली जाईना मग टाकीवालीला बोलवायचं, तसं. इथे फरक एवढाच की टाकी आपोआप लागत राहते. कठीण आणि बारीक पोताच्या दगडातून निघणारा चुरा फारसा खरखरीत नसतो, तो धातूला घासत नाही, म्हणून धातूच मऊ घ्यायचा, नाहीतर कडं आरशासारखं चकचकीत होतं आणि नुसतं फिरत बसतं. वाळूच्या दगडात उलटं. तिथला चुरा पॉलिश पेपरसारखा, मऊ धातू घेतला तर काही मीटरमध्ये संपेल, म्हणून कडक धातू. चांगला ड्रिलर पाण्याचा दाब, फिरण्याचा वेग आणि वरून दिलेलं वजन यांच्यावर कान ठेवून बिटचं काय चाललंय ते ओळखतो, आणि बिट चकचकीत झालीये असं वाटलं तर वजन थोडं वाढवून धातू मुद्दाम झिजवतो. म्हणजे झिजणं हा बिघाड नाही, झिजणं हेच तिचं काम आहे!

मग कांडी वर कशी आणायची? समजा भोक ५०० मीटर खोल गेलंय. तीन मीटर कांडी भरली की सगळे पाईप एकेक करून बाहेर काढायचे, कांडी काढायची, पुन्हा सगळे आत सोडायचे, पूर्वी असंच करायचे. मी हिशोब केला, दर तीन मीटरला असं करत ५०० मीटरपर्यंत जायचं तर एकूण ४२ किलोमीटर पाईप वर ओढावे लागतात आणि तेवढेच खाली सोडावे लागतात. इंदूरहून देवास ओलांडून जावं एवढं अंतर, तेही उभं. १९५० च्या दशकाअखेरीस वायरलाईन आली आणि हे संपलं. बाहेरचा पाईप फिरतो, त्याच्या आत आणखी एक नळी असते ती बेअरिंगवर टांगलेली असल्यामुळे फिरत नाही, कांडी तिच्यात अलगद शिरते. नळी भरली की वरून तारेला बांधलेला एक आकडा पाईपच्या पोकळीतून खाली सोडतात, तो आतल्या नळीच्या डोक्यात अडकतो आणि फक्त तेवढी नळी वर येते. कांडी मुळापासून तुटते कशी, तर नळीच्या तोंडाशी एक निमुळती कडी असते, दगड वर शिरताना सैल आणि वर ओढताना आवळणारी. ओढलं की ती दगडाला पकडते आणि तो खटकन तुटतो. सगळं चाललेलं असतं पाणी आणि चिकणमातीच्या पातळ काल्यात, तोच काला बिट थंड ठेवतो, चुरा वर आणतो आणि भोकाची भिंत ढासळू देत नाही.

वर आलेल्या कांड्या लांब पेट्यांमध्ये, खणाखणात, वाचायला ठेवलेल्या ओळींसारख्या डावीकडून उजवीकडे लावतात, मध्ये मध्ये खोली लिहिलेले ठोकळे. तीन मीटर कापले आणि कांडी अडीच मीटरच आली तर तेही लिहायचं, कारण जो अर्धा मीटर हरवला तो भुसभुशीत असणार आणि कधी कधी नेमकं खनिज त्यातच असतं. मग भूवैज्ञानिक कांडी पाण्याने ओली करून भिंगातून बघतात. कोरडा दगड मुका असतो, ओला केला की रंग बोलायला लागतात. पितळी पिवळं दिसलं की तांब्याचं खनिज असू शकतं, फिकट पिवळं आणि टणक असलं तर बहुतेक वेळा नुसतं लोह-गंधक ज्याला लोक सोनं समजून फसतात, आणि तपकिरी-काशाच्या रंगाचं असून लोहचुंबकाला चिकटलं तर निकेलवाला भूवैज्ञानिक खूश होतो, कारण निकेलचं खनिज बहुधा त्याच्या सोबतीने राहतं. ऑस्ट्रेलियात कंबाल्डाला जानेवारी १९६६ मध्ये पहिल्याच भोकात २.७ मीटर जाडीचा असा थर लागला, त्यात निकेल ८.३ टक्के. असं नशीब फार थोड्यांचं.

यानंतर कांडी हिऱ्याच्या करवतीने उभी चिरतात. अर्धी प्रयोगशाळेत जाते. अर्धी पेटीतच राहते. ही अर्धी का ठेवायची त्यावर येतोच, आधी प्रयोगशाळेतली अडचण सांगतो, इथे थोडं डोकं लावावं लागेल.

आपले पोहे घ्या. वरून जिरावण मसाला भुरभुरवलेला, आणि डाळिंबाचे चार-पाच दाणे. कुठूनही एक चमचा घ्या, जिरावणाची चव जवळपास सारखीच येणार. पण डाळिंबाचा दाणा? एका चमच्यात दोन येतील, पुढच्या तीन चमच्यांत एकही नाही. बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडचं तांबं जिरावणासारखं, दगडात एक टक्क्याच्या आसपास पण दगडभर पसरलेलं. सोनं म्हणजे डाळिंबाचे दाणे. प्रयोगशाळेत अर्ध्या कांडीची पावडर करून त्यातली साधारण ३० ग्रॅम शिशाबरोबर वितळवतात, शिसं सोनं ओढून घेतं, मग सच्छिद्र मुशीत शिसं शोषलं जातं आणि सोनं-चांदीचा बारीक मणी उरतो, सराफ्यातल्या जुन्या कारागिरांना ही रीत परकी वाटणार नाही. टनाला ३ ग्रॅमच्या हिशोबाने ३० ग्रॅममध्ये सोनं किती, तर ९० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढा एक कण. तो एक कण तुमच्या ३० ग्रॅममध्ये आला तर ३ ग्रॅम, दोन आले तर ६, नाही आला तर शून्य. दगड तोच! म्हणून एका भोकातल्या एका मीटरच्या आकड्यावर कोणी नाचत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. तोच नमुना पुन्हा तपासायचा, मधून मधून सोनं नसलेला दगड आणि सोनं किती ते आधीच माहीत असलेला दगड गुपचूप पाठवायचा, आणि भोकं अनेक पाडायची, तेव्हा सरासरीला अर्थ येतो.

अजून एक फसवी गोष्ट. '२० मीटर लांबीत सोनं' असं कंपन्या छापतात. काकडी आडवी कापली तर गोल चकत्या, तिरकी कापली तर लांबट. तसंच भोक शिरेला, म्हणजे दगडातल्या खनिजाच्या पट्ट्याला, ३० अंशांच्या कोनात छेदून गेलं तर शिरेची जाडी दुप्पट दिसते, १० मीटरची शीर २० मीटर होते. खरी जाडी किती ते विचारायचं.

आता पेटीतली अर्धी. १९९० च्या दशकात बोर्नियोच्या जंगलात बुसांग नावाच्या जागी ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने सुमारे ७ कोटी औंस, म्हणजे २००० टनांहून जास्त सोन्याचा दावा केला. शेअर आभाळाला भिडले, सामान्य लोकांनी पेन्शनचे पैसे घातले. पण तिथे कांड्या चिरून अर्ध्या ठेवल्याच नव्हत्या, जवळजवळ सगळा दगड कुटून टाकला होता. फेरतपासणी करायला दगडच नाही. शेवटी १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं पाडली आणि सोनं निघालं नगण्य. कुटलेल्या नमुन्यांत नदीतलं सोनं मिसळलेलं होतं. त्या सोन्याचे कण वाहून वाहून कडा गोल झालेले होते, दगडाच्या आत बसलेलं सोनं असं नसतं, आणि भिंगाखाली ते दिसत होतं. हजारो कुटुंबांचे पैसे बुडाले ते अर्धी कांडी जपून ठेवली नाही म्हणून, असं मला मनापासून वाटतं.

याच कारणासाठी मला पाणाड्यांचा राग येतो. काकांच्या बोरिंगच्या आधीही एकजण नारळ तळहातावर घेऊन अंगणभर फिरला होता. आपल्या काळ्या दगडात भेगा इतक्या की बऱ्याच ठिकाणी खणलं तरी थोडंफार पाणी लागतं, श्रेय नारळाला जातं, आणि कोरड्या गेलेल्या बोअरची वही कोणीच ठेवत नाही. २०१३ मध्ये उन्नावच्या डौंडिया खेडाला एका साधूच्या स्वप्नावरून १००० टन सोन्यासाठी सरकारी खोदकाम झालं होतं, निघालं काहीच नाही.

काकांनी हे सगळं ऐकून विचारलं, "मग आपल्या घराखाली काय आहे रे?" प्रश्न चांगला आहे. सायबेरियात नोरिल्स्कला निकेल-तांब्याचे प्रचंड साठे आहेत, आणि ते अशाच लाव्हाच्या पुराशी जोडलेले आहेत, २५ कोटी वर्षांपूर्वीच्या. आपला लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तिथे वितळलेल्या दगडाने वर येताना गंधक असलेले थर गिळले असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, मग गंधकाचा वेगळा द्रव सुटला, पाण्यात तेल सुटतं तसा, त्याने निकेल आणि तांबं आपल्याकडे ओढून घेतलं आणि जड असल्यामुळे तो तळाशी साचला. दख्खनच्या दगडात असा मोठा साठा आजवर सापडलेला नाही. काकांना सांगितलं, पाणी मिळालं त्यात समाधान माना.

काकांच्या बोअरच्या १५ पुड्या माझ्या कपाटात आहेत. दिवाळीनंतर समोरच्या गल्लीत दुसरं बोरिंग झालं, तिथेही बसलो, लाल माती १५५ फुटांवर लागली, जमिनीची उंची दोन्हीकडे जवळपास सारखीच. म्हणजे तो जुना थर कुठेतरी उतरता आहे. पण दोन बिंदूंवरून उताराची दिशा काढता येत नाही, तीन लागतात, आणि तिसरा या दोघांच्या सरळ रेषेत नको. कोपऱ्यावरच्या प्लॉटवर घर बांधायला घेतलंय, मालकांना सांगून ठेवलंय की बोरिंगची गाडी येईल त्या रात्री मला उठवा.