सज्जनांची वाट न पाहणारा समाज

चार अनोळखी माणसं, प्रत्येकाच्या हाती २० नाणी. हवी तेवढी सामायिक गल्ल्यात टाकायची. गल्ल्यातल्या दर नाण्यामागे चौघांनाही प्रत्येकी ०.४ नाणं मिळणार, मग ते कुणी का टाकलेलं असेना. चौघांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाला ३२ मिळतात. तिघांनी टाकलं आणि चौथा मूठ आवळून बसला, तर त्याची होतात ४४, बाकीच्यांची २४.

अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या अर्थतज्ज्ञांनी झ्युरिकमध्ये विद्यार्थ्यांना हा खेळ खऱ्या पैशांवर खेळायला लावला. निष्कर्ष २००२ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आले. सुरुवातीला लोक बऱ्यापैकी टाकतात, मग फेरीगणिक गल्ला आटत जातो. सगळेच लबाड असतात म्हणून नव्हे. 'तो देत नाही, तर मीच का द्यायचं?' हा साधा हिशेब त्यामागे असतो. मग नियमात भर पडली: स्वतःचं एक नाणं खर्च करा आणि न देणाऱ्या चुकाराची तीन कापा. दर फेरीला गट बदलत होते, म्हणजे शिक्षा करणाऱ्याला त्यातून पुढे काहीच मिळणार नव्हतं. तरी लोकांनी पदरमोड केली, आणि गल्ला भरू लागला.

आदर्श समाजाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट संस्कारांवर जाते. इथे माणसं तशीच होती, बदलला तो नियम.

अर्थात दंडुका हातात दिला की झालं, असंही नाही. हाच खेळ पुढे जगातल्या १६ शहरांत खेळवला गेला (निष्कर्ष २००८चे). अथेन्स, मस्कत अशा काही ठिकाणी लोकांनी चुकारांबरोबर भरभरून देणाऱ्यांनाही दंड ठोकला. जिथे कायद्याच्या राज्यावर भरवसा कमी, तिथे हे जास्त दिसलं. म्हणजे शिक्षा कोण करतो आणि ती लोकांना रास्त वाटते का, यावर सगळं अडतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या सामायिक कुरणांचा, पाटांचा, मासेमारीचा अभ्यास करून नेमकं हेच दाखवलं: टिकलेल्या व्यवस्थांत नियम वापरणारेच ठरवतात, राखणदार त्यांनाच जबाबदार असतो आणि पहिल्या चुकीला दंड हलका असतो. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या धुळे-नाशिककडची फड पद्धत याच जातकुळीतली, काही शतकं जुनी. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर लहान बंधारे, त्यांतून काढलेले पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक. उसाच्या फडात सगळ्यांचा ऊस, गव्हाच्या फडात सगळ्यांचा गहू, पुढे फेरपालट. पाणी सोडायचं ते पाटकऱ्याने, शेतकऱ्याने स्वतः दारं (पाटातून शेतात पाणी घ्यायची वाट) फोडायचं नाही. पिकावर जागल्याची नजर. दोघांचा मेहनताना शेतकऱ्यांनीच द्यायचा.

खरी मेख जमिनीच्या वाटणीत होती. एकाच शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असत. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. त्यात बहुतेकांचं थोडंथोडं रान असल्याने तोटाही वाटला जाई. आणि गव्हाच्या मधोमध कुणी ऊस लावलाच, तर तो बांधावरूनच दिसायचा. चोरी पकडायला मीटर लागत नव्हता. पुढे विहिरींवर पंप बसले. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही, आणि फड मोडत गेले.

पण फडाचं कौतुक करतानाही एक विसरता कामा नये: पाणी मिळे ते जमीनवाल्याला. भूमिहीनाला त्यात वाटा नव्हता. ही गाठ सोडवायचा प्रयत्न १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून केला. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने: दर माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस बंद. माझ्या मते आदर्श समाजाच्या चर्चेत हा हिशेब आधी मांडायला हवा, कारण नियम कितीही चोख असला तरी गल्ल्यात कुणाचा वाटा धरायचा हे नियम स्वतः ठरवत नाही.

गावापुरतं हे जमतं. पृथ्वीपुरतं अजून जमलेलं नाही. हवेचा फड सगळ्यांचा, पण कुणी किती धूर सोडला हे बांधावरून दिसत नाही, आणि मोजून कळलं तरी दारं बंद करणारा पाटकरी नाही. २०१५च्या पॅरिस हवामान करारात प्रत्येक देश आपलं उद्दिष्ट आपणच ठरवतो. पालनावर लक्ष ठेवणारी समिती आहे, पण तिने दंड करायचा नाही असं करारातच लिहिलं आहे. म्हणजे हा झ्युरिकच्या खेळाचा पहिला भाग झाला, दंडाविनाचा. अमेरिका २०२० मध्ये करारातून बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने पुन्हा बाहेर पडायचं जाहीर केलं.