निवृत्ती खाते, करपात्र खाते आणि टियर दोनचा गुंता

गुंतवणुकीचे प्रमाण कोणत्या खात्यात बदलायचे, हा प्रश्न मराठवाड्यातल्या नोकरदारांना भिडला तो १ नोव्हेंबर २००५ नंतर. त्या दिवसापासून राज्य सेवेत लागलेल्या शिक्षक, तलाठी, ग्रामसेवकांची जुनी पेन्शन गेली. आधी डीसीपीएस (परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना) आणि मग एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) आले. एनपीएसमधले टियर एक म्हणजे निवृत्तीचे मुख्य खाते, टियर दोन म्हणजे सोबतचे ऐच्छिक खाते.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २००४ पासून, एसटीटी (शेअर व्यवहारांवरचा कर) भरून विकलेल्या शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त झाला होता. त्यामुळे विक्री कोणत्या खात्यात करायची, याचा विचार तेव्हा फारसा कुणी केला नाही. १ एप्रिल २०१८ पासून एक लाखावरच्या नफ्याला १० टक्के कर लागला. २३ जुलै २०२४ पासून तो साडेबारा टक्के झाला, सूट सव्वा लाखाची. अल्पकालीन नफ्यावरचा कर १५ वरून थेट २० टक्के. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांचा (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडांचा) नफा तर स्लॅबप्रमाणेच मोजला जातो.

म्युच्युअल फंडात इक्विटीतून (शेअरमधून) डेटमध्ये स्विच केले, म्हणजे पैसे हलवले, की ती विक्री धरतात. टियर एकमध्ये मात्र, ज्यांना निवडीची मुभा आहे, ते वर्षातून ठरावीक वेळा इक्विटी-डेटचे प्रमाण बदलू शकतात आणि कर लागत नाही. म्हणून प्रमाण सावरायचे ते टियर एकमध्ये. एनपीएसबाहेरच्या इक्विटी फंडांचे युनिट मार्चअखेर, नफा सव्वा लाखाच्या मर्यादेत ठेवून, विकायचे आणि पुन्हा घ्यायचे, हीच रीत मला पटते.

घोळ आहे तो टियर दोनचा. पैसे कधीही काढता येतात, राज्य कर्मचाऱ्याला भरलेल्या रकमेवर करवजावट मिळत नाही, आणि नफ्यावर कर कसा लावायचा हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलेच नाही. कुणी सीए तो भांडवली नफा धरतो, कुणी इतर उत्पन्न म्हणून स्लॅबमध्ये टाकतो. एसटीटी भरलेला नसल्याने सव्वा लाखाची शेअरवाली सूट मागणे अवघड. खर्च कमी म्हणून लातूर-नांदेडकडच्या शिक्षकांना हे खाते सुचवले जाते, तेव्हा ही अडचण आधी सांगायलाच हवी. त्यांच्या निवृत्तीच्या पैशाचा प्रश्न आहे. आतल्या आत स्विच केले तर ती विक्री ठरते का, यावरही एकमत नाही. हे स्पष्ट होईपर्यंत टियर एकची करमुक्ती टियर दोनला गृहीत धरू नये. काढलेल्या रकमेचा खरेदी-तारखांसह तपशील जपून ठेवावा, म्हणजे विचारणा झालीच तर हिशेब दाखवता येतो.