एअर रायफलचे ट्यूनिंग (मोठ्या बोअरचे)

एअर रायफलचे ट्यूनिंग : दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीतील हवेचा दाब, व्हॉल्व्ह, हॅमर, नळी आणि गोळी यांचा असा मेळ बसवणे, की प्रत्येक बार आधीच्या बारासारखाच सुटावा. सर्वसाधारणपणे ०.३५ इंच (सुमारे ९ मिमी) व त्याहून मोठ्या व्यासाच्या नळीच्या रायफलींना मोठ्या बोअरच्या म्हणतात. ऑलिंपिकमधील १० मीटर प्रकारात ४.५ मिमीची रायफल वापरतात. तिचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा जेमतेम ७ ज्यूल भरते. याउलट १५ ग्रॅमची शिशाची गोळी २३० मीटर वेगाने सुटल्यास हाच आकडा ४०० ज्यूलच्या आसपास जातो. इंदूरच्या मराठी नेमबाजांच्या बोलण्यात ‘ट्यूनिंग’ हाच शब्द असल्याने येथेही तोच ठेवला आहे.

मोठ्या बोअरची हवाई बंदूक ही अलीकडची कल्पना नव्हे, किंबहुना सुरुवात तिथूनच झाली. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक स्टॉकहोमच्या शाही शस्त्रसंग्रहालयात असून त्याचा काळ सुमारे १५८० मानतात. तो मात्र भात्यावर चालणारा आहे. हवा साठवून ठेवण्याच्या पद्धतीचे श्रेय फ्रान्समधील लिझ्यू येथील कारागीर मारँ बुर्ज्वा याला देण्याकडे अनेकांचा कल दिसतो. त्याची बंदूक सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकातली असावी. सैन्यात पोहोचलेली पहिली महत्त्वाची रायफल मात्र निःसंशय ऑस्ट्रियाची. तिच्या निर्मात्याचे नाव काही ग्रंथ जिरार्दोनी, तर काही जिरांदोनी असे देतात. ती सेनेत दाखल झाल्याचे साल १७७९ किंवा १७८० दिले जाते. व्यासाबद्दलही ११.५ ते १३ मिमी असे वेगवेगळे आकडे सापडतात. दस्त्याच्या जागी हवेची टाकी, बाजूच्या नळीत २० गोळ्या आणि टाकी भरायला हातपंपाचे सुमारे १,५०० झोके, इतक्या बाबींवर बहुतेकांचे एकमत आहे. लुईस आणि क्लार्क यांनी १८०४–०६ च्या अमेरिकी मोहिमेत नेलेली हवाई रायफल कोणती, हा वाद बराच काळ चालला. ती फिलाडेल्फियाच्या लुकेन्सची एकबारी रायफल होती, असे पूर्वीचे मत होते. परंतु लुईसला भेटलेल्या थॉमस रॉडनीच्या १८०३ च्या रोजनिशीत सगळ्या गोळ्या एकदमच बाजूच्या नळीत भरल्याचे वर्णन आहे. ते एकबारी रायफलीला लागू पडत नाही, म्हणून ऑस्ट्रियन रायफलीचा पक्ष अधिक सबळ वाटतो.

ट्यूनिंगचे मर्म व्हॉल्व्हमध्ये आहे. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने हॅमर पुढे जाऊन व्हॉल्व्हच्या दांड्यावर आदळतो. व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि तेवढ्यात सुटलेली हवा गोळीला ढकलते. व्हॉल्व्ह मिटलेला ठेवण्याचे कामही मुख्यतः टाकीतला दाबच करतो. त्यामुळे टाकी काठोकाठ भरली की तोच हॅमर व्हॉल्व्ह पुरेसा उघडू शकत नाही आणि दाब जास्त असूनही वेग कमी मिळतो. दाब उतरू लागला की व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडा राहतो, वेग चढतो, काही बार एका पातळीवर टिकतो आणि पुढे दाबच अपुरा पडून घसरतो. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेले वेग ओळीने मांडले की ही टेकडी स्पष्ट दिसते. टेकडीच्या माथ्यावरचे बार ओळखून त्या दाबापुरतीच टाकी भरणे, हे ट्यूनिंगचे पहिले आणि सर्वांत मोठे काम. मोठ्या बोअरला दर बारास इतकी हवा लागते की एका भरण्यात असे बार मोजकेच मिळतात. रेग्युलेटर (व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) बसवून ही टेकडी सपाट करता येते. मात्र त्याच्या पुढच्या पोकळीत एका बाराला पुरेल एवढी हवा मावावी लागते, नाहीतर वेग पडतो.

स्प्रिंग कडक केली की रायफल सुधारते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. गोळी नळीबाहेर पडल्यानंतर सुटणारी हवा वेगात काहीच भर घालत नाही. ती आवाज वाढवते आणि टाकी रिकामी करते. शिवाय जोरात आदळलेला हॅमर उसळून व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो. स्प्रिंग थोडी थोडी सैल करत जावे आणि वेग नुकता उतरू लागेल तिथे थांबावे, ही पद्धत अधिक भरवशाची.

गोळी नळीशी जुळते की नाही, हे हाताला कळते. मऊ शिशाची किंचित मोठी गोळी तेल लावून, रायफल पूर्ण रिकामी करून, दांडीने नळीतून हळूहळू ढकलतात. एखाद्या ठिकाणी दांडी अडते, एखाद्या ठिकाणी अचानक सैल सरकते. बाहेर आलेली गोळी मायक्रोमीटरने मोजली की नळीच्या आतील पीळदार खाचांचा खरा व्यास मिळतो आणि गोळीचा साचा त्यानुसार निवडता येतो. नळीच्या तोंडावरून कापसाची काडी फिरवावी. एक तंतू जरी अडकला तरी तिथे बारीक कुसळ आहे असे समजावे. तेवढ्याने गोळी एका बाजूला कलते. लांब गोळीला या खाचांचा पीळही अधिक वेगाने फिरणारा लागतो.

इंदूरला हवामान या मेळात थेट हात घालते. डिसेंबरच्या सकाळी १० अंशाला २०० बारपर्यंत (येथे बार हे दाबाचे एकक) भरलेली टाकी मे महिन्यातल्या दुपारी ४० अंशाला सुमारे २२१ बार दाखवते. म्हणजे थंडीत माथ्यावर जुळवलेली रायफल उन्हाळ्यात व्हॉल्व्ह अडकण्याच्या बाजूला सरकते. पावसाळ्यात हातपंपाबरोबर बाष्पही टाकीत जाते आणि आतून गंज धरतो, म्हणून पंपाला ओलावा शोषणारे सिलिका जेलचे फिल्टर हवेच. पंप मारताना हवा तापते, त्यामुळे काट्यावरचा आकडा टाकी निवल्यानंतरच वाचावा. ऑक्सिजन मात्र कधीही भरू नये. तेल-ग्रीसशी गाठ पडताच तो स्फोट घडवू शकतो. कोणताही भाग उघडण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करणे, यात सवलत नाही.

इंदूरजवळच्या महू येथे सैन्याचे मार्क्समनशिप युनिट आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार तिथलेच. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमी व्यास आणि २० ज्यूल ऊर्जा या मर्यादेतल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. मोठ्या बोअरची प्रत्येक रायफल या मर्यादेबाहेर असल्याने ती परवान्याशिवाय बाळगता येत नाही. लहान रायफलही ट्यूनिंगने २० ज्यूलपलीकडे नेली, तर तिलाही परवाना लागतो.