हाली, कलदार आणि दुकानाची दरयादी

मोंढ्यात, म्हणजे ठोक बाजारपेठेत, एका मालाला एकच भाव कधीच नव्हता. ठोक घेणाऱ्याला वेगळा, चिल्लर गिऱ्हाइकाला वेगळा. रोखीचा कमी, उधारीचा चढा. निजामाच्या राज्यात तर चलनही दोन. मराठवाड्यात हाली शिक्का, सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार; पुढे ७ हाली म्हणजे ६ कलदार असा दर पक्का झाला. सरहद्दीपलीकडच्या बार्शीचा माल निजामाच्या लातुरात विकणाऱ्याला दोन्ही भाव तोंडपाठ ठेवावे लागत. कापडवाले ठाणावर खरेदीभाव सांकेतिक अक्षरांत लिहीत, म्हणजे घासाघीस करताना कुठे थांबायचं ते गड्याला कळे.

१९९० मध्ये पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं झालं. ‘कमाल’ हा शब्द आपण विसरलो आणि छापलेला आकडा हाच भाव मानू लागलो.

ऑनलाइन दुकानाची सॉफ्टवेअरं नेमकी याच समजुतीवर उभी राहिली: एक वस्तू, एक किंमत. मॅजेंटोने (२००८) ग्राहकगट आणि नगांच्या संख्येनुसार भाव दिले खरे, पण २०११ च्या वूकॉमर्समध्ये मुळात नेहमीची किंमत आणि सवलतीची किंमत एवढेच रकाने. ठोक भावासाठी वेगळं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बिलं करणाऱ्यांना प्राइस लेव्हल, म्हणजे एकाच मालाचे वेगवेगळे भाव ठेवायची सोय, ठाऊक होती; त्यांना हे तोकडंच वाटणार. मग तीच तूरडाळ ‘ठोक’ आणि ‘चिल्लर’ अशी दोनदा चढवायची पळवाट निघाली. साठा दोन ठिकाणी विभागला, की गोदामातली पोती आणि पडद्यावरचा आकडा जुळणार कसे?

स्वतंत्र दरयादी आली ती याच अडचणीतून. वस्तू एकदाच नोंदवायची. भाव यादीत, आणि यादीला ग्राहकगट, किमान नग, लागू तारीख. ठोकची यादी मूळ यादीपेक्षा अमुक टक्के कमी, असं बांधून ठेवलं की एकच आकडा बदलावा लागतो.

यादीत भाव करासह लिहायचा की कराविना, हा प्रश्न मात्र १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तरी सुटला नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. ज्यांच्या यादीत कराविना १०० रुपये होते, त्यांचा भाव कराचा दर बदलताच ११८ चा १०५ झाला. ज्यांनी करासह ११८ टाकले होते, त्यांच्या वूकॉमर्सवर कर बदलूनही ११८ च दिसत राहिले. फरक गिऱ्हाइकाच्या खिशातून दुकानाच्या गल्ल्यात.